येळवशीची भज्जी आणि सरांची पेटी

माझं माहेर औशाकडचं, लातूर जिल्ह्यातलं, अन् सासर हे नांदेड. नवरा आटो चालवतो अन् मी धा वर्षं होस्टेलाच्या मेसमधी भाकरी थापल्या, शंभर लेकरांच्या, हे मनगट बघा. आमचा आज्जा सांगायचा, निजामाच्या राज्यात शाळेत रोज सकाळी राजाला उदंड आयुष्य मागायला लावायचे, न्हाई मागितलं तर छडी. आम्ही लेकरं हसायचो, असं बी असतंय का कुठं म्हणायचो. असतंय हो. राजा गेला तरी असतंय, म्या बघितलंय.

होस्टेल विष्णुपुरीच्या वाटंवर. नाव सांगत न्हाई, तुम्ही बी लिहू नका. मालकाला सगळे सर म्हणायचे. दारात त्याचा ह्येवढा फोटो, लेकरांनी उठलं की त्याच्यापुढं छातीवर हात ठेवून वरडायचं, सर आहेत तर मी आहे. फोन आठवड्यातनं एकदा, तो बी होस्टेलवरच्या देखरेखीच्या बाईसमोर. आईबाप लेकराला कमजोर करतात असं सर शिकवायचे, अन् तेच आईबाप त्याच्या पाया पडायचे, शिस्त लई चांगली हाय म्हणायचे. काय सांगू तुम्हाला, मी बी त्यातलीच. माझी लेक प्रतीक्षा अकरावीला, मी मेसमधी राबते म्हणून तिला तिथं फुकट ठिवलेली, मग मी कशाला तोंड उघडते.

अन् एक कुलपाची पेटी होती. रोज संध्याकाळी प्रत्येकानं चिठ्ठी टाकायची, आज कोण चुकलं, कोण सरांबद्दल काय बोललं. कोणाचं नाव न्हाई लिहिलं तर तुझ्यावरच संशय. पोरी एका ताटात जेवायच्या त्या पाठ करून बसायला लागल्या. म्या प्रतीक्षाला म्हणलं, माय, हे चुगल्या करणं झालं. तर म्हणती कशी, तुला कळत न्हाई, ही निष्ठा हाय.

मागची येळवस आली. तुम्हाला ठाव असंल, आमच्या लातूरकडं त्या आमावशेला गावात माणूस राहत न्हाई, सगळे शेतात, कडब्याची कोप म्हंजे खोपटं करायचं, त्यात पांडव पुजायचे, अन् खायला भज्जी, आंबील, बाजरीचे उकडलेले उंडे. होस्टेलात निम्मी लेकरं आमच्याकडचीच. सर म्हणले सुट्टी न्हाई, येळवस अडाण्यांची. लेकरांची तोंडं बघवंनात मला. घरी हिरव्या तुरीचे, वालाचे, पावट्याचे दाणे बेसनात शिजवून भज्जी केली पातेलंभर, आंबिलीची बिंदगी, लहान घागरच ती, आटोत घातली अन् दुपारी वाढली गुपचूप. एक उदगीरचं पोरगं खाताना रडायलं, मी बी रडले. प्रतीक्षानं हात लावला न्हाई. नुसती बघून राहिली.

दुसऱ्या दिवशी सरांनी सगळ्यांना पटांगणात उभं केलं. मला पुढं बोलावलं अन् प्रतीक्षाच्या हातात तिचीच चिठ्ठी देऊन म्हणले, वाच. तिनं वाचलं, कौशल्याबाईंनी सरांचा आदेश मोडला. आई म्हणली न्हाई हो, कौशल्याबाई म्हणली. सरांनी तिच्या गळ्यापाशी बिल्ला लावला, लेकरांनी टाळ्या वाजवल्या, तेच उदगीरचं पोरगं बी वाजवायलं. मला तिचा राग आला न्हाई, खरं सांगते. सतरा वर्षांचं लेकरू. राग त्या माणसाचा आला, त्यानं पोटच्या पोरीच्या हातनं आईला मारलं अन् वरनं हसला. म्या भर पटांगणात म्हणलं, सर, तुमच्या आईनं तुम्हाला भज्जी वाढली न्हाई वाटतं कधी.

माझं काम गेलं. अन् काम गेलं तशी तिची जागा बी गेली, सकाळी बिल्ला लावलेल्या पोरीला त्यानं संध्याकाळी गादी गुंडाळायला लावली. एवढी त्याची निष्ठा. तरी पोरगी म्हणायची, सरांचं बरोबर हाय, तुझ्यामुळं झालं.

आठ दिवस धड जेवली न्हाई. बाप म्हणला जाऊ दे, वळंल. मग म्या पुन्यांदा भज्जी केली अन् ताट तिच्यापुढं सरकवून चुलीकडं तोंड केलं. जेवली.

सकाळी तिची वाकळ झटकली तर उशीखालनं चिठ्ठ्या पडल्या. रोजची एक. पेटी न्हाई, सर न्हाई, तरी लिहून राहिली होती बघा. मला वाचता येत न्हाई, नवऱ्यानं वाचल्या. आई सरांबद्दल वाईट बोलली. बाबा हसले. आई पुन्हा बोलली. शेवटची कालची होती, तिच्यात आमचं नाव न्हाई. लिहिलं होतं, प्रतीक्षानं तीन वाट्या भज्जी खाल्ली.

नवरा म्हणला जाळून टाक. म्या जशाच्या तशा उशीखाली ठिवल्या. आता ती हितल्याच कॉलेजात जाती, आटोत बापाशेजारी बसून. अजून बी लिहिती कधीमधी. लिही म्हणते माय, तुझं तू लिही, देव तुला लई आयुष्य देवो. अन् त्या माणसाचं काय म्हणाल, तर तिथं अजून शंभर लेकरं हायत, अन् भाकरी दुसरीच कोणी थापती.