पथ्य आणि पहिला पाव

(पावाच्या भट्टीमागची खोली. दुपार. भट्टीवाला स्टुलावर बसलाय, गळ्याभोवती जुनी चादर. बायको मागे उभी, हातात केस कापायचं मशीन.)

ती : मान हलवू नका. कान जाईल.

तो : जाऊ दे. ऐकून तरी काय मिळतंय मला या घरात.

ती : आज ऐकावंच लागेल. खाली बघा.

तो : मी काय म्हणतो, आजच कशाला? पथ्य सोमवारी सुरू करायचं असतं. जगातली सगळी पथ्यं सोमवारी सुरू होतात.

ती : आणि मंगळवारी संपतात. खाली बघा म्हटलं ना.

तो : न्हाव्याकडे गेलो असतो मी. त्यानं निदान हळू हातानं कापले असते.

ती : तुम्ही तिथे तासभर गप्पा ठोकल्या असत्या, दाढी करून घेतली असती आणि परत आला असता. केस जागच्या जागी. मी काय ओळखत नाही तुम्हाला?

तो : अगं पण या केसांनी काय पाप केलं?

ती : तुम्हाला निमित्त दिलं, हे पाप केलं. या खेपेला निमित्तच ठेवायचं नाही. सगळे भादरून टाकते. मागच्या वेळी पथ्य का सोडलंत?

तो : तुला माहीत आहे.

ती : तुमच्या तोंडून ऐकू दे.

तो : केस गळायला लागले म्हणून. फणीत पुंजके, उशीवर पुंजके. आंघोळ झाली की मोरीत बघवायचं नाही. पाव बंद, साखर बंद, बटाटा बंद, हे सगळं मी सोसलं. ते लो-कार्ब की काय ते, इमानेइतबारे केलं. वजन उतरलं, पट्ट्याला नवीन भोक पाडावं लागलं. पण डोक्यावर शेत कापल्यासारखं व्हायला लागलं, त्याला मी काय करू?

ती : डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की. वजन भराभर उतरलं की काही जणांचे गळतात, पोटभर अंडी-मांस खा, थोडे महिने धीर धरा, येतील परत.

तो : त्यांचं काय जातंय धीर धरा म्हणायला. त्यांची भट्टी नाहीये. माझा केस पावात गेला. औषधाच्या दुकानातले काका तो तुकडा कागदात गुंडाळून घेऊन आले. चार गिऱ्हाइकांसमोर बोलले नाहीत, मला बाजूला घेऊन दाखवला. "असू दे, होतं कधी कधी" म्हणाले. भांडले असते तर बरं वाटलं असतं. इतक्या वर्षांत आपल्या पावाला कुणी नाव ठेवलं नव्हतं गं. एका केसानं माझा गळा कापला.

ती : आणि त्याच संध्याकाळी तुम्ही अर्धा पाव खाल्लात.

तो : मन मोडलं होतं माझं.

ती : लोणी लावून खाल्लात. मन मोडलेला माणूस लोणी मागत नाही.

तो : तू ना, वकील व्हायला हवी होतीस.

ती : टोपी घालता आली असती.

तो : काय?

ती : टोपी. तुमची पांढरी टोपी भट्टीजवळच्या खिळ्याला टांगलेली आहे, मी लग्न करून आले तेव्हापासून. डोक्यावर चढली असती तर केस पावात गेला नसता. पथ्य टिकलं असतं.

तो : भट्टीशी उकडतं तिच्यात.

ती : बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. तुम्हाला केसाचा मिळाला. वळा इकडे.

लेक : आई, गोल पाव संपले, आतले नेते. अगंबाई. बाबा?

तो : हस. पोटभर हसून घे.

लेक : नाही हसत. छान दिसताय. अंड्यासारखे.

तो : घ्या. आता अंडीच खायची आणि अंड्यासारखंच दिसायचं.

लेक : कानामागे राहिलेत बघ आई. बाबा, मी संध्याकाळी अंडी, चीज, भाज्या सगळं आणून ठेवते. यावेळी मनापासून करा हं. कालच्या ट्रेचं मी कुणाला सांगितलेलं नाही.

तो : कालच्या ट्रेचं काय?

ती : तू जा गं. काउंटरवर कुणीतरी उभं आहे.

लेक : जाते. सॉरी.

तो : कालच्या ट्रेचं काय म्हणाली ती? विकायला लावलात ना?

ती : नाही लावला.

तो : का?

ती : काळे पडले होते पाव. खालून तर कोळसा. तुम्ही ट्रे बाहेर ओढलात, डोळ्यांजवळ नेलात आणि म्हणालात, "वा, काय रंग आलाय." आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं. मग तुम्ही हात धुवायला गेलात तेव्हा मागच्या दारानं टाकून आलो.

तो : पीठच यावेळी हलकं आलंय. लवकर करपतं.

ती : नाचता येईना अंगण वाकडं. पीठ तेच आहे. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे मी सोबत होते म्हणून मला कळलं, नाहीतर तुम्ही मला बाहेर बाकावर बसवणार होतात.

तो : डोळ्याच्या मागच्या पडद्यावर साखरेचा परिणाम दिसायला लागलाय, एवढंच म्हणाले. दिसायला लागलाय. फार झालाय असं नाही म्हणाले.

ती : साखर आत्ता आवरली तर आहे ती नजर राखता येईल, असंही म्हणाले. आणि नाहीतर काय, ते मी विचारणार होते, तर तुम्ही टेबलाखालून माझा हात दाबलात. म्हणून विचारलं नाही. सगळा जन्म पावाच्या रंगावर काढलेला माणूस तुम्ही. घड्याळ लावत नाही, नुसतं बघून सांगता. तुम्हाला दिसेनासं झालं तर तुम्ही जगाल कसे, मला सांगा.

तो : मशीन बंद कर जरा.

ती : रडताय?

तो : केस गेलाय डोळ्यात.

ती : बरं. केसच असेल.

तो : तुला एक सांगू? मला पावाची भूक नव्हती.

ती : आता हे नवीन काढा.

तो : खरंच नव्हती. पहिले काही दिवस जीव वखवखला, मान्य. मग गेलं ते. अंडी खाल्ली की पोट भरायचं. भट्टीतून पाव काढायचो, रचायचो, हातसुद्धा लावावासा वाटायचा नाही.

ती : मग त्या दिवशी तो लोण्याचा पाव कुणी खाल्ला?

तो : ऐक तर. पहिला पाव निघाला की आपण मागच्या दारात उभं राहून खायचो. लग्न झाल्यापासून. तू टोकाचा कडक तुकडा घ्यायचीस, मला आतला मऊ. काय मोठं बोलायचो? पोरीची फी, कुणाचं लग्न, तुझ्या बहिणीचं नवऱ्याशी वाजलेलं. मग दिवसभर तू काउंटरवर, मी आत. तेवढीच भेट असायची आपली. पथ्य सुरू झालं आणि तू दारात यायचीच बंद झालीस.

ती : तुमच्यासमोर उभी राहून कशी खाणार होते मी? घास उतरला असता का?

तो : म्हणून गोदामात जाऊन खायचीस.

ती : कुणी सांगितलं?

तो : मी बघितलं. पिठाच्या पोत्यावर बसली होतीस, दाराकडे पाठ करून. दार वाजलं तशी तू घाईघाईनं तोंड पुसलंस. मी तसाच मागे फिरलो.

ती : तुम्हाला त्रास नको म्हणून हो. तुमचं पथ्य मोडू नये म्हणून मी चोरासारखी खात होते. मला तरी कुठे गोड लागत होतं ते?

तो : माहीत आहे. पण मी दारात एकटा उभा राहून उकडलेलं अंडं खायचो आणि भिंतीपलीकडे तू एकटी. इतकी आठवण यायची तुझी. एका छपराखाली राहून बायकोची आठवण येते म्हणून कुणाला सांगणार? लोक वेड्यात काढतील. तो केस आला ना पावात, शरम वाटली, ते खरं आहे. पण आतून वाटलं, सुटलो. संध्याकाळी पाव कापला आणि तुला हाक मारली. तू लगेच आलीस. लोणी तूच लावलंस.

ती : मीच लावलं.

तो : एकदाही नको म्हणाली नाहीस.

ती : कशी म्हणणार? किती दिवसांनी हाक मारली होतीत. मला कळत होतं हे बरोबर नाही. तरी मी सुरी घेतली आणि लोणी लावलं. जाडसर लावलं.

तो : हो. जाडसर होतं.

ती : मग असं करू. मीही सोडते पाव. उद्यापासून दोघंही अंडी खाऊ, दारात उभं राहून.

तो : अजिबात नाही.

ती : का? माझे गळले केस तर बांधून ठेवेन.

तो : केसांचं नाही म्हणत मी. या दुकानात पाव चाखणारं एक तरी तोंड हवं. मीठ कमी पडलं, पीठ जास्त आंबलं, कोण सांगणार? पोरीला विचारलं तर तिला सगळंच छान लागतं.

ती : मग परत गोदामात जाऊ?

तो : दारात ये. माझ्या शेजारी उभी राहा आणि तिथेच खा.

ती : तुम्हाला बघवेल?

तो : न बघता राहायचं करून झालं, ते जमलं नाही.

ती : जीव तुटेल हो तुमचा.

तो : तुटू दे थोडा. पावासाठी तुटलेला परवडतो. त्याची सवय होते.

ती : हलू नका. हे शेवटचे कानामागचे. झालं. आरसा आणू?

तो : नको. तुझ्या तोंडावरून कळतंय काय दिसत असेल ते.

ती : वाईट नाही दिसत. हात फिरवू का जरा? लहान मुलाच्या डोक्यासारखं लागतंय हाताला.

लेक : आई, दुपारचा ट्रे काढला मी. कुठे ठेवू?

ती : जाळीवर ठेव. आणि एक इकडे दे. आणि ते उकडलेलं अंडंही दे बाबांचं.

तो : आत्ताच?

ती : आत्ताच. दारात चला, इथे सगळीकडे केस पडलेत.

तो : मोड. वाफ आली का?

ती : आली.

तो : टोकाचा घे.

ती : घेतला.

तो : रंग कसा आलाय? खरं सांग.

ती : चांगला आहे. कडेला जरा गडद. घाई करते पोरगी. उद्यापासून रंग मी बघत जाईन, तुम्ही पाव खालून ठोकून आवाजावरून सांगा भाजलाय का ते.

तो : चालेल. मीठ?

ती : बरोबर आहे. तुम्ही तुमचं अंडं खा ना.

तो : खातोय. आतून कसा आहे?

ती : मऊ. अजून गरम आहे, जीभ भाजते.

तो : हळू खा.