वाणात आलेले बड

…आन् वरून आमची मेव्हणी मलाच विचारती, ‘दाजी, नीट बसलं का कानात?’ आता बसायला काय झालंय, कानात शेंगदाणासुदिक बसतोय. बसून बोलायला नको का? आन् बोलतंय बरं का, न्हाई असं न्हाई, पण माझ्या फोनशी बोलत न्हाई. तिकडं तिच्या नवऱ्याचं, म्हंजी आमच्या साडूचं, विक्रमचं… डबी उघडायचा अवकाश, लगेच जोडलं. तेच खोकं, तोच रंग, एकाच दुकानातली खरेदी. मी काय बोललो? काय न्हाई. आपण बोलतच न्हाई.

तुम्हाला सांगतो, धोंड्याचा महिना व्हता. तीन वर्सांनी येतो, जावयाची तेवढीच एक चैन. दोन्ही लेकी-जावई कासुर्डीला, सासुरवाडीला बोलावलेले. पुरणाचे धोंडे, वर तुपाची धार, आन् जावयाला वाण. आता वाणाला जाळीचं कायतरी लागतं, अनारसे म्हणा, बत्तासे म्हणा. पण औंदा आमच्या सासूबाईंच्या, गिताबाई मामींच्या मनात आलं, जावयांना कानातलं ते बिनवायरचं, गाणी ऐकायचं बड म्हणत्यात ते, द्यायचं. गेल्या यवतला मोबाईलच्या दुकानात आन् दुकानदाराला पहिला प्रश्न काय? ‘ह्याला जाळी हाय का?’ तो म्हणला, ‘हाय की मावशी, आवाज तिथनंच येतो.’ झालं, वाणाला चालतंय म्हणल्या. दोन डब्या घेतल्या. ताम्हणात अनारसे, अनारशांवर डबी, डबीला हळदकुंकू. त्या हळदीनं माझी डबी अजून पिवळी हाय.

बरं, वाण मिळालं, पाया पडलो, बसलो दोघं साडू शेजारी-शेजारी. हा विक्रम सणसवाडीला कंपनीत सुपरवायजर, गळ्यात कंपनीचं कार्ड, जेवताना पण काढत न्हाई. माझी पाबळला शेवंतीच्या फुलांची शेती, माझ्या गळ्यात काय असणार, उपरणं. त्यानं डबी उघडली, फोनवर बोट ठेवलं, जोडलं. ‘हे बघा साडूभाऊ.’ बघितलं. मग गाडीतनं लॅपटॉप काढला… सासुरवाडीला लॅपटॉप घेऊन येतंय का कुणी? तुम्ही सांगा. त्यालाबी जोडलं. ‘हे बघा साडूभाऊ.’ परत बघितलं. मग उठला आन् मामांच्या, म्हंजी सासऱ्यांच्या, नव्या टीव्हीला जोडलं. टीव्हीवर बाई रडती हाय, घरात चिडीचूप, आन् हा एकटाच तिचं रडणं ऐकून मान हालवतोय. धनश्री, त्याची बायको, कौतुकानं बघतीय त्याच्याकडं. आमची प्रतिभा पण त्याच्याकडंच बघतीय. मग माझ्याकडं बघितलं. त्या बघण्यात काय व्हतं ते लग्न झालेल्यांना सांगायची गरज न्हाई.

मी पण उघडली की डबी. कानात घातलं. आतनं एक बया विंग्रजीत म्हणती, ‘कनेक्टेड.’ म्हणलं वा. गाणं लावलं तर गाणं वाजतंय फोनमधनं, भसाड्या आवाजात, सगळ्या घराला. फोनमध्ये शोधतोय तर बडचं नावच न्हाई. काढलं, डबीत ठेवलं, फुंकर मारली, परत घातलं. ‘कनेक्टेड.’ अगं पण कुणाशी? माझ्या कानात बसून हिचं सूत जुळलंय दुसरीकडंच. आन् हा शेजारनं, ‘सेटिंगमध्ये जावा ना साडूभाऊ, सिंपल हाय.’ सिंपल. ‘वा, मस्त आवाज हाय,’ म्हणलं, आन् मान हालवाय लागलो. कानात काय वाजतंय? काय न्हाई. पण त्यानं हालवली म्हणून मी पण हालवली.

आन् मान हालवता-हालवता कानात एकदम चांगुणामावशी.

मी दचकलोच. चांगुणामावशी म्हंजी मामींची थोरली भन, ऱ्हायला तिकडं दौंडला. इथं घरात न्हाईत, आन् माझ्या दोन्ही कानांत त्यांचा आवाज. ‘गिते, म्या काय म्हणते, दुकानात तुझ्या फोनला जोडून बघितलेलं व्हतं ना, ते थोरल्या जावयाला दे. शिलबंद हाय ते धाकल्याला. धाकला लई कटकट्या, खोक्याला वरखडा दिसला तरी तोंड वाकडं करंल. थोरल्याचं काय, त्यो घरचाच हाय, काय बी दे, गोड मानून घेतोय.’

थोरला म्हंजी मी. मग डोक्यात उजेड पडला. वाण दिलेलं माघारी घेत न्हाईत, मग आधीच बघून घेतलेलं बरं, म्हणून मामींनी एक डबी दुकानात फोडून सोताच्या फोनला जोडून बघितली व्हती. तेव्हापासनं ते बड मामींचे. कानात माझ्या, नांदायला मामींच्या फोनमध्ये. आन् मावशीनं मामींना सकाळीच व्हाट्सपवर आवाज पाठवलेला, वाण बरोबर गेलं का बघाय मामी तो परत सैपाकघरात लावत्यात आन् वाजतोय माझ्या कानात. तिकडनं मामींचा आवाज येतोय, ‘आगं बया, फोन मुका कसा झाला?’ आन् परत लावला. परत माझ्या कानात ‘थोरल्याचं काय.’ परत लावला. ‘थोरल्याचं काय.’ आता तुम्हीच सांगा, वाण घेऊन बसलेल्या जावयाचा इतक्या येळा अपमान कुठं झालाय का?

आन् घरचा म्हंजी काय हो? मला माहितीय घरचा म्हंजी काय. ‘भारतराव, तेवढी ग्यासची टाकी बदला.’ ‘भारतराव, मोटर बंद करून येता का?’ पंख्याखालची खुर्ची कुणाला, विक्रमरावांना. पहिलं ताट कुणाला, विक्रमरावांना. का? तर त्यो कटकट्या. म्हंजी मी इतकी वर्सं तोंड मिटून गोड बोललो ती चूक झाली व्हय माझी?

पण अडचण बघा. बड कानातनं काढून डबीत टाकावं तर आवाज मामींच्या फोनमधनं भाईर येणार, सगळ्यांसमोर, विक्रमसमोर. तसं त्याला ‘कटकट्या’ ऐकू गेलं असतं तर मला… खोटं कशाला बोलू, बरंच वाटलं असतं. पण त्याच्या मागनं माझं ‘काय बी दे’ पण येणार की. म्हणून दोन्ही कानांवर हात दाबून बसलो. प्रतिभा म्हणती, ‘अहो, कान दुखतोय का?’ म्हणलं, ‘न्हाई, गाणं लई चांगलं हाय.’

तवर मामी पदराला हात पुसत भाईर आल्या. ‘भारतराव, बघा बरं ह्याला काय झालंय.’ मी म्हणलं, ‘पाणी गेलं असंल मामी, तांदळात ठेवा.’ पण शेजारी कंपनीचं कार्ड बसलंय ना. ‘आना इकडं मामी, सिंपल हाय.’ बघितलं, हसला, म्हणतो कसा, ‘मामी, तुमचा फोन साडूभाऊंच्या कानाला जोडलाय.’ आन् एका बोटानं तोडलं. वर, बघू आता आवाज येतो का, म्हणून तेच लावलं. फुल आवाजात.

‘धाकला लई कटकट्या…’

सगळं वाजलं. शेवटपर्यंत. मामी हातातला पदर तोंडात धरून उभ्या. सोपानमामा भिंतीवरच्या घड्याळाकडं बघाय लागले. धनश्री हसली आन् नवऱ्यानं बघितल्यावर खोकली. मी म्हणलं, चला, आता विक्रमचं तोंड बघू. लई दिवसांनी असा आनंद व्हणार व्हता. आन् तुम्हाला सांगतो, त्याचं तोंड खरंच उतरलं, पण भलत्याच कारणानं.

म्हणला, ‘म्हंजी साडूभाऊ घरचे, आन् मी पाव्हणा?’

मामी म्हणल्या, ‘तसं न्हाई ओ विक्रमराव…’

‘तसंच हाय. ह्यांना कधीबी हाक मारता, मोटर बंद करा म्हणता. मला कवा म्हणला का? मी खुर्चीत बसून कंटाळतोय मामी. मला नगं शिलबंद. मला ते साडूभाऊंचं द्या.’ डोळ्यांत पाणी, देवाशप्पथ. येवढा सुपरवायजर माणूस.

मामी म्हणल्या वाण बदलत नसत्यात. मामा म्हणले, आपण दिलंय, आता साडू-साडूंनी बदललं तर आपलं काय जातंय. झाली अदलाबदल. मी हात पुढं केला आन् घेतली डबी.

आता ऐका. नवी डबी, विक्रमनं त्याच्या फोनातनं तिचं नाव पुसून दिली, उघडली, आन् पहिल्या झटक्यात माझ्या फोनला जोडलं. दोन्ही कानांत गाणं, झकास. पंख्याखालची खुर्ची विक्रमनं सोडलेली, मामींनी मलाच तिथं बसवलं. ‘बसा भारतराव, तुम्ही कशाला उठता.’ पहिलं ताट मला. एवढं सगळं मिळालं की, जे पायजे व्हतं ते.

आन् आतनं हाक आली, ‘विक्रमराव, या बरं, पुरणात गूळ कमी पडलाय का चाखून सांगा.’ तो कार्ड खिशात घालून पळतच गेला. मी कानातलं काढून ऐकतोय, कुणी मला बोलावतंय का… पण मला कोण बोलावतंय हो, मी आता पाव्हणा.