प्रल्हादची शेवटची चाल

माय, वहिनी, देवणीकर मंडळी, लातूरच्या ऑफिसातून आलेले सगळे,

बुद्धवंदना झाली. गुरुजी म्हणाले, किशन, दोन शब्द बोल. मी मान हलवली खरी, पण भाषण मला येत नाही. सांभाळून घ्या.

प्रल्हाद आणि मी नांदेडच्या वसतिगृहात एका खोलीत राहिलो. पुढं तो लातूरला आरेखक झाला. नवा जिल्हा झाला, त्याचे नकाशे काढणाऱ्यांत आपला प्रल्हाद होता. मी भोकरला तहसील कचेरीत, पाणीटंचाईच्या टेबलावर. कोणत्या गावाला टँकर जाणार आणि कोणत्या गावाला नाही, ते लिहिणारा.

पण जीव आमचा दुसरीकडंच होता. आम्ही लढाई खेळायचो. अंतराळातल्या यानांची. हसलात तरी चालेल, तोही हसायचा. आलेखाचा कागद, पेन्सिल, एक यान त्याचं, एक माझं. नोकऱ्या लागल्यावर पोस्टकार्डावर खेळायला लागलो. एका कार्डात एक चाल. पोस्टमन विचारायचा, हे आकडे कसले हो? काय सांगणार त्याला?

सुरुवातीला आमचं क्षेपणास्त्र एका चालीत वीस घरं जायचं आणि यान चार. सोडलं की लागलंच. चहा थंड व्हायच्या आत डाव खलास. वेग कमी केला तो प्रल्हादनं. सहा घरं, आणि पाच चालींत इंधन संपलं पाहिजे. मला म्हणाला, "किशन्या, पळणाऱ्याला वाचायला जागा पाहिजे का न्हाई?" खेळातसुद्धा त्याला हे सुचायचं.

तरी मी हरायचो. का हरायचो? त्याचं यान दिसेल तिकडं माझं क्षेपणास्त्र वळायचं. ते तिथं पोचेपर्यंत यान पुढं गेलेलं. मागं मागं फिरून इंधन संपायचं. मग कार्डाच्या कोपऱ्यात तो लिहायचा, "मी हाय तिथं नको सोडू रे. मी असंल तिथं सोड." दर वेळी लिहायचा. मला कधीच जमलं नाही.

मागच्या महिन्यात कार्ड आलं. वर चाल, खाली एक ओळ. "काळजाचं दुखणं निघालं. देवणीला येऊन राहिलोय. भेटून जा."

मी काय केलं? मी माझी चाल लिहून पाठवली. दुष्काळात रजा बंद होत्या, हे खरं. पण साहेबांना मी विचारलंसुद्धा नाही, हेही खरं. वाटलं, जाऊ आठ दिवसांनी.

निघालो तेव्हा फार दिवस झाले होते. देवणीला आलो तर माय म्हणाली, "कालच उदगीरला नेलं, लेकरा." दुसऱ्या दिवशी उदगीर गाठलं. सिस्टर म्हणाल्या, सकाळीच लातूरला हलवलं. लातूरला पोचलो, तर खाट रिकामी. वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. मला बघून एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, आत्ताच."

तो होता तिथं तिथं मी गेलो, मंडळी. तो असेल तिथं गेलो नाही.

त्याला निरोप देऊन भोकरला परतलो. दाराच्या फटीत त्याचं कार्ड पडलं होतं. शेजारी म्हणाले, तुम्ही सकाळी निघालात आणि दुपारी हे आलं. त्यात लिहिलं होतं, "उदगीरला काय व्हायचं न्हाई. तिथून लातूरच्या मोठ्या दवाखान्यात नेणार हायेत. तू थेट तिकडंच ये."

आणि वर चाल होती. "यान जागेवरच. हलवत न्हाई."

इतक्या वर्षांत त्यानं यान कधी थांबवलं नव्हतं. माझं क्षेपणास्त्र दोनच घरांवर होतं. त्याला ते दिसत होतं. तरी थांबला.

डावाचा तो आलेखाचा कागद घरी तसाच आहे. पुढची चाल माझी आहे. मी रोज पेन्सिल हातात घेतो आणि खाली ठेवतो. वहिनी, माफी मागायलाही मला तोंड नाही.

आता आपण सगळे एक मिनिट उभे राहू. कुणी बोलू नका, आणि जागेवरून हलू नका. तो तसाच थांबला होता. माझ्यासाठी.

प्रल्हाद, जयभीम.