हळदीच्या फोटोतले मामा

छबुबाई : आरोहीच्या नाकातली चमकी दिसायलीय, बंकटा, अन मागं उभे तुजे मामा पार वरणावानी कालवून टाकलेस! काचेवरची धूळ तरी पुसायची व्हतीस.

बंकट : धूळ न्हाई ओ मामी. लेन्सच तशी हाय. काच ही एवढी रुंद, तोंड वासून बसती. जिच्यावर नजर ठिवली तीच टकटकीत, मागचं सगळं लोणी. ते दिवे बगा, कसे गोल लाडू झाल्यात. ह्या लाडवांसाठी लोक चकलांब्यापसनं गेवराईला माज्या दुकानात येत्यात.

छबुबाई : लाडू घाल चुलीत. मोबाईलमदी तर मागची म्हैसबी दिसती.

बंकट : मोबाईलची काच मसुराएवढी. तिला मागचं-पुढचं सारखंच. नवरीत अन म्हशीत फरकच करत न्हाई ती.

छबुबाई : मेल्या, हसवू नकोस. पुढल्या महिन्यात वर्षसराद हाय त्यांचं. भितीवर लावायचाय.

बंकट : मग आधार कार्डावरचा लावू की.

छबुबाई : त्यात कोंबड्या चोरताना धरल्यावानी दिसत्यात. फोटो म्हणलं की जलमभर तोंड आवळून बसले. हितं तुजं ध्यान नवरीकडं, म्हणून बिनघोर हसले. हसताना ह्यो एकच हाय रं.

बंकट : थांबा. कंप्युटरला लावतो कामाला... हं. हे घ्या, बजरंगमामा हाजीर!

छबुबाई : ह्यो कोन बाप्या?

बंकट : मामाच की. मिशा बगा, दात बगा...

छबुबाई : मामाला पुढचा दात कुठं व्हता?

बंकट : ...खरं सांगू का मामी? लेन्सनं जे घेतलंच न्हाई, ते ह्यो कंप्युटर मनानं भरतोय.

छबुबाई : मग काढ त्याला. परका मानूस घरात कशाला? पैलाच मोठा कर.

बंकट : मोठा केला की आणखीच इसकटल. बगा, पडद्यावर केला. आता तुमी लांब व्हा, लांबनं डोळा सोताच जुळवून घेतो.

छबुबाई : हितनं?

बंकट : आणखी मागं. पायरी हाय, जपून.

छबुबाई : थांब... थांब जरा...

बंकट : मामी, रस्त्यात उतरलात! रिक्षा यायलीय, आत या!

छबुबाई : थांबव की रं त्याला. हसायलेत बग.