बंद घरातला हुंकार

बसून घ्या. जे उभे आहेत त्यांनी भिंतीकडच्या बाकांवर जागा करून घ्यावी. खिडकीपाशी कुजबुज चालली आहे, ती मला इथवर ऐकू येते.

आज बोलणं मला जड जातं आहे, हे आधीच सांगून टाकते. मध्येच थांबले तर कोणी पाण्याचा पेला घेऊन धावू नका. आयुष्यभर वर्गात बोलले. पण माझ्याहून लहान माणसाच्या, हार घातलेल्या फोटोपुढं बोलायची मला सवय नाही. ती व्हावी अशी इच्छाही नाही.

वामन गेला. आपला वामन. तुमच्यापैकी पुष्कळांना तो वीज खात्यातला वामनअण्णा म्हणून ठाऊक. सायकल भिंतीला टेकवायची, मीटरच्या पेटीपुढं टाचा उंच करून उभं राहायचं, आकडा टिपायचा, आणि कानडी वळणानं 'सरी, बरं, येतो' म्हणून पुढच्या घराकडे. चामराजपेटेत माझ्या घरासमोर राहायचा. मला अक्का म्हणायचा. नात्यानं मी त्याची कोणी नव्हे.

हा मीटर वाचणारा वामन सिनेमाची कथा लिहीत होता. कथा झाली, शेवट राहिला होता. तो शेवट त्याला सापडला, आणि तो त्यानं मला सांगितला. एकटीला. आज तो इथं सांगायचा की नाही, हा माझ्यापुढचा प्रश्न आहे. मागच्या रांगेत एक गृहस्थ बसले आहेत. मद्रासहून, सिनेमाच्या कंपनीकडून आले आहेत. शोक करायला आले आहेत असं ते म्हणतात, आणि मी ते खरं मानते. पण शेवट ऐकायलाही आले आहेत. त्यांनीही ते नाकारलेलं नाही.

राधा, त्याची बायको, ही समोर बसली आहे. ती त्याला म्हणायची, 'गावाचे मीटर बघता, घरातला दिवा गेलेला दिसत नाही.' तो म्हणायचा, 'दिसतो ना. पण तो सिनेमात घालण्यासारखा नाही.'

त्याची कल्पना एवढीच होती. एक घर. कित्येक वर्षं बंद. दाराला कुलूप, कुलपाला गंज. मीटर वाचणारा दर महिन्याला तिथं जातो. आणि मीटर फिरतो आहे. काचेआड चकती फिरते, तिच्यावरची लाल खूण सावकाश समोर येते, जाते, पुन्हा येते. म्हणजे आत दिवा लागलेला आहे. कोणी लावला?

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी शेंगा निवडत होते. माझा हात थांबला. हात थांबला म्हणजे कल्पना चांगली, एवढं मला कळत होतं. सिनेमातलं काही कळत नव्हतं.

घर खरं होतं. बनशंकरीच्या देवळाकडे जाताना जिथं वस्ती विरळ होते, तिथं आहे. मालक परगावी. मीटरही खरा फिरत होता. खात्यातले लोक म्हणाले, तारांमध्ये कुठंतरी गळती असेल. असेलही.

मी त्याला म्हटलं, 'लिहून आण.' त्यानं लिहून आणलं, 'नायकाला मनातून फार भीती वाटली.' मी विचारलं, 'वामना, मन कुठल्या बाजूनं दिसतं? समोरून की मागून?' त्यानं कागद उलटून पाहिला. मी म्हटलं, 'डोळ्याला दिसेल ते लिही, कानाला ऐकू येईल ते लिही. बाकीचं खोड.' पुढच्या रविवारी आला तेव्हा तिथं लिहिलं होतं, 'तो सायकलची घंटी मुठीत दाबून धरतो, वाजू नये म्हणून.' मी म्हटलं, 'हां. आता मला भीती वाटली.'

असा तो शिकला. इथल्याच शिवाजीनगरच्या टॉकीजमध्ये एकच सिनेमा पुन्हा पुन्हा बघायचा. एकदा कानांत कापूस घालून, नुसतं काय दिसतं ते बघायला. एकदा डोळ्यांवर रुमाल बांधून, नुसतं काय ऐकू येतं ते ऐकायला. दारावरचा माणूस त्याला म्हणाला, 'स्वामी, झोपायचं तर घरी झोपा, तिथं तिकीट लागत नाही.' हे त्यानंच मला सांगितलं, स्वतःच हसत.

आता आपली एक रीत. तुम्हांला ती सांगायला नको, मागच्या पाहुण्यांसाठी सांगते. ते बेळगावकडचे आहेत, मराठी त्यांना कळतं. आमच्या घरांत गोष्ट सांगताना ऐकणाऱ्यानं हुंकार द्यायचा असतो. एक वाक्य झालं की 'हूं'. दुसरं झालं की 'हूं'. हुंकार आला नाही तर सांगणारा थांबतो. गोष्ट एकट्यानं सांगायची नाही. भिंतीला सांगायची नाही. माझी आई म्हणायची, 'माणसानं हुंकार दिला नाही, तर दुसरं कोणीतरी देतं.'

वामन रविवारी दुपारी माझ्या पडवीत बसून कथा सांगायचा आणि मी हुंकार द्यायची. त्याशिवाय त्याला पुढं जाताच येत नसे. हुंकार कुठं जोरात आला, कुठं उशिरा आला, यावरून तो प्रसंग ठेवायचा किंवा काढायचा. ही त्याची लिहिण्याची पद्धत होती.

आणि या पद्धतीनंच मद्रासला त्याची फजिती झाली. कोणाच्या ओळखीनं एका निर्मात्याची भेट ठरली. निर्माते डोळे मिटून, पाय पसरून बसले आणि म्हणाले, 'सांगा.' वामननं पहिलं वाक्य सांगितलं आणि थांबला. हुंकाराची वाट बघत. निर्माते गप्प. वामन गप्प. बऱ्याच वेळानं निर्मात्यांनी एक डोळा उघडला. 'कथा विसरलात का?' यानं दुसरं वाक्य सांगितलं. पुन्हा थांबला. असं करत करत मध्यापर्यंत आला, तेव्हा त्यांनी विचारलं, 'हाडू एष्टु?' गाणी किती? वामन म्हणाला, 'एकही नाही.' ते म्हणाले, 'रिकाम्या घरात गाणार तरी कोण म्हणा. आणि शेवट?' वामन म्हणाला, 'अजून नाही.' 'मग शेवट घेऊन या,' ते म्हणाले. 'आणि न थांबता सांगायला शिकून या.'

बरोबरच बोलले. पहिल्यांदा लिहिणाऱ्यानं अर्धी कथा घेऊन कोणाच्या दारात जाऊ नये.

परत आला आणि मला म्हणाला, 'अक्का, आता एकट्यानं सांगायची सवय करतो.' मी म्हटलं, 'भिंतीला गोष्ट सांगायची नसते.' तो म्हणाला, 'मद्रासला भिंतच बसलेली असते, अक्का. पाय पसरून.' मी हसले. राधाही हसली. आठवतं ना, राधा?

सराव कुठं करायचा? घरी राधा मध्ये बोलायची. रस्त्यावर लोक वेडा म्हणाले असते. म्हणून तो त्या बंद घराच्या ओसरीवर जाऊन, मीटरपुढं उभा राहून, बंद दाराला कथा सांगू लागला. दुपारच्या वेळी. काम संपल्यावर.

काही दिवसांनी माझ्याकडे आला. बसला नाही. म्हणाला, 'अक्का, आतून हुंकार येतो.'

मी म्हटलं, 'प्रतिध्वनी असेल.' तो म्हणाला, 'असेल. तुम्ही या.'

मी गेले. मी बी.ए. आहे, इतिहास शिकवला आहे, ऐकीव गोष्टींवर विश्वास ठेवू नका हे मुलींना शिकवत आले आहे. म्हणूनच गेले. मी काय ऐकलं ते सांगते. त्याचा अर्थ लावत नाही.

लख्ख ऊन होतं. ओसरीच्या पायरीवर एक कुत्रं झोपलं होतं. मी खांबाला टेकून उभी राहिले आणि ओठ घट्ट मिटून घेतले. हे मुद्दाम सांगते आहे. वामननं पहिलं वाक्य सांगितलं. आतून 'हूं' आलं.

कुत्रं उठलं आणि निघून गेलं.

प्रतिध्वनी असता तर वाक्य परत आलं असतं. हे वाक्य परत देत नव्हतं. ठेवून घेत होतं. आवाज बाईचा की पुरुषाचा, सांगता येणार नाही. मोठा नव्हता. दाराच्या अगदी आतल्या अंगाला, उभ्या माणसाच्या उंचीवर. आणि कंटाळलेला नव्हता, हे मला जास्त लागलं. शाळेत इतकी वर्षं शिकवलं, पण इतकं मन लावून ऐकणारं मला कधी मिळालं नाही.

वामन सांगत गेला. मध्यापर्यंत आला. मग त्यानं एक शेवट जोडला. आत चोरांचा अड्डा आहे, पोलीस येतात. आतून काही नाही. शांत. त्यानं दुसरा शेवट सांगितला. मालकाची वेडी बहीण आत कोंडलेली आहे. काही नाही. तारांमधली गळती सांगितली. तेव्हाही काही नाही. मीटर मात्र फिरत होता, लाल खूण येत होती, जात होती.

येताना रस्त्यात मी म्हटलं, 'वामना, पुन्हा तिथं जाऊ नकोस.' तो म्हणाला, 'अक्का, माझं माणसांत कोणी असं ऐकलेलं नाही. शेवट चुकला की त्याला कळतं. बरोबर आला की तेही कळेल.' मी म्हटलं, 'कोणाला?' तो म्हणाला, 'तोच तर शेवट आहे.'

 

तो जात राहिला. आणि एका रविवारी सकाळीच आला. आंघोळ करून, नवा शर्ट घालून. म्हणाला, 'सापडला. हुंकार आला.' आणि मला शेवट सांगितला. मी नेहमीप्रमाणे हुंकार देत होते. शेवटच्या वाक्याला तो म्हणाला, 'अक्का, इथं देऊ नका. इथला तुमचा नाही.' चहासुद्धा न घेता गेला. मद्रासला कळवायचं होतं ना.

कळवलं त्यानं. त्यांचं उत्तर आलं, 'या, करू.' ते उत्तर राधाच्या हाती पडलं तेव्हा वामन नव्हता. त्याच ओसरीवर, दाराला पाठ लावून बसलेला सापडला. डॉक्टर म्हणाले, हृदय. मी डॉक्टरांशी वाद घालणार नाही. ज्यांनी त्याला आणला ते सांगतात, चेहरा शांत होता. मान मात्र वळलेली होती. कान दाराला लागलेला.

त्या रस्त्याला आता नवा माणूस नेमला आहे असं ऐकते. मी त्याला काही सांगायला गेले नाही.

तर मागचे पाहुणे. सकाळी तुम्ही राधाला विचारलंत, 'शेवटात स्वल्प बदल चालेल ना?' नाही, चालणार नाही. तो बदल काय असेल ते मला ठाऊक आहे. चोरांचा अड्डा असेल, आणि अड्ड्यावर एखादी बाई नाचत असेल. तो शेवट सांगून झाला आहे आणि ऐकणाऱ्यानं नाकारला आहे. राधा मला म्हणाली, 'अक्का, शेवट सांगून टाका, आमचे हे त्यासाठीच मरमर मरत होते. पण आधी नाव कबूल करून घ्या.' म्हणून सगळ्यांच्या देखत विचारते. पडद्यावर 'कथा' या शब्दापुढं वामनचं नाव येईल? एकट्याचं? आणि शेवट हाच राहील?

मान हलवली त्यांनी. सगळ्यांनी पाहिलं. राधा, तू पाहिलंस? बरं.

आता उठा. सगळे उभे राहा. म्हाताऱ्यांनी बसलं तरी चालेल.

शोकसभेत आपण मौन पाळतो. आजही पाळायचं आहे, पण मी वामनचा शेवटचा प्रसंग सांगणार आहे आणि तुम्ही गप्प राहायचं आहे. सवयीनं ओठांवर येईल. गिळून टाका. हुंकार कोणी द्यायचा नाही. आणि कुठून आलाच, तर मागं वळून बघायचं नाही. राधा, तू तर मुळीच नाही. तू फक्त ऐक.

वामना, सांगते आहे.

मीटर वाचणारा दाराला हात लावतो. कुलूप निघून हातात येतं. आत कोणी नाही. मधल्या खोलीत एक दिवा, दिव्याखाली चटई. तो बटण दाबतो. दिवा जातो. बाहेर येऊन बघतो, चकती फिरतेच आहे. पुन्हा आत जातो. दिवा लागलेला आहे. तो बराच वेळ उभा राहतो. मग चप्पल काढतो आणि चटईवर बसतो. दार आपोआप मिटतं, कुलूप पुन्हा दाराला लागतं. कुलपावर पाऊस पडतो, ऊन पडतं, गंज चढतो. आणि एक दिवस दुसराच कोणी सायकल भिंतीला टेकवतो, मीटरपुढं टाचा उंच करतो, लाल खूण येताना बघतो, आणि आपल्याशीच म्हणतो,

'या घरात आहे तरी कोण?'