बॅरनच्या घराला एकच दार

ओतिलिया: कान फाडलाय माझ्या लिपाचा तुझ्या बॅरननं! आणि तू पाव-मीठ घेऊन उभा!

वेंडेलिन: अगं, घरात नवं माणूस आलं की पाव-मीठ द्यायचं असतं.

ओतिलिया: गिनी पिगला?

वेंडेलिन: लग्न करून आलीस तेव्हा तुलाही दिलं. तू मुकाट्यानं खाल्लंस. म्हटलं, तुझी लिपाही खाईल.

ओतिलिया: सांगितलं होतं ना, आधी न्हाणीघरात, कोरड्या टबात सोड, जागा दोघांनाही परकी हवी. तू तिला थेट त्याच्या पिंजऱ्यात घातलंस.

वेंडेलिन: पाहुणीला न्हाणीघरात बसवू? माझी आई थडग्यातून उठून आली असती!

ओतिलिया: थट्टा पुरे. सकाळपासून लिपानं गवताला तोंड लावलेलं नाही. हे प्राणी उपाशी राहिले की जिवावर बेततं. आता खाल्लं नाही, तर मी तिला घेऊन माझ्या गावी, झिलिनाला परत जाणार.

वेंडेलिन: म्हणजे... तूसुद्धा?

ओतिलिया: ती काय एकटी बसमध्ये चढेल?

वेंडेलिन: लग्नाला आठवडा झाला नाही, ओतिलिया. अख्खी इमारत हसेल. हसू दे म्हणा, सवय आहे. पण तू जाऊ नकोस.

ओतिलिया: कुठंय ती?

वेंडेलिन: पिंजऱ्यातच, मी बॅरनसाठी केलेल्या लाकडी घरात. बघ, दारावर बदाम कोरलाय.

ओतिलिया: आणि त्या बदामाखाली बॅरन ठिय्या देऊन बसलाय. ती बाहेर येणार कुठून? या घराला दुसरं दारच नाही!

वेंडेलिन: जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या. अडकलेल्या लोकांना बाहेर काढलं. आणि बायकोचं जनावर स्वतःच्या हातानं कोंडून ठेवलं. वर बदाम कोरला! माझ्यासारखा गाढव शोधून सापडायचा नाही. थांब, करवत आणतो.

ओतिलिया: आधी तिला बाहेर काढू दे, शहाण्या! दोघांना टबात सोडते. गवताचे ढीग दोन कर, लांब लांब.

(करवतीचा आवाज. थोड्या वेळानं, न्हाणीघरात.)

वेंडेलिन: खातेय का गं?

ओतिलिया: हळू बोल. खातेय. बॅरन नुसता बघतोय.

वेंडेलिन: लबाड आहे. माझ्यावर गेलाय.

ओतिलिया: त्याचं काय चुकलं? त्याला कुणी विचारलं नाही, तिलाही नाही. आणि मला तरी कुठं जागा केलीस? माझी बॅग अजून दारामागं आहे. कपाटात सगळे तुझ्या पहिल्या बायकोचे, मार्गितचे कोट.

वेंडेलिन: रोज उघडतो गं कपाट. एकेक कोट झटकतो आणि परत लावतो. ती गेल्यापासून हेच चाललंय. हसू नकोस.

ओतिलिया: हसत नाहीये.

वेंडेलिन: माझ्या एकट्याच्यानं नाही व्हायचं ते.

ओतिलिया: मग दोघं मिळून काढू. तिचा हिरवा तेवढा राहू दे. मला अर्धं कपाट पुरतं.