‘कळत नाही’ म्हणणारं यंत्र

आजच्या सभेचे अध्यक्ष, अधिष्ठाता माननीय शिशिदो साहेब, व्यासपीठावरची विद्वान प्राध्यापक मंडळी, शहराच्या वतीने आलेले पाहुणे, जिथे कुठे असतील तिथून आज मुद्दाम परतलेले बाईंचे विद्यार्थी, मागच्या रांगेत गणवेशात अवघडून बसलेले माझे अग्निशमन दलातले सोबती, आणि ज्यांना असल्या सत्काराचा मनापासून कंटाळा आहे त्या, आज निवृत्त होणाऱ्या सत्कारमूर्ती, आदरणीय ओइकावा चिझुरु बाई, सगळ्यांना या कोन्नो तात्सुहिकोचा नम्र नमस्कार.

माझ्याआधी जे बोलले ते सगळे मोठे शास्त्रज्ञ. मी आग विझवणारा माणूस, आता तोही निवृत्त. आयुष्यभर मी जे काही बोललो ते बहुतेक ओरडूनच बोललो. त्यामुळे हा माईक जरा लांब धरतो. बाईंच्या शोधनिबंधांतलं मला ओ का ठो कळत नाही. मग मला इथे का बोलावलं? बाईंनीच नाव सुचवलं म्हणे. त्यांना वाटलं असेल, हा थोडक्यात आटपेल. बाई, तुमचा अंदाज सहसा चुकत नाही, पण आज चुकणार आहे.

मला जेवढं समजलं तेवढं सांगतो. रेडिओच्या लहरी आणि उजेड या दोघांच्या मधे एक लहर असते, टेराहर्ट्झ. पूर्वी तिला कुणी वाली नव्हता. रेडिओवाले म्हणत ही आमची नव्हे, उजेडवाले म्हणत आमची नव्हे. ही लहर कागदातून, कापडातून, धुरातूनसुद्धा आरपार जाते. शेजारच्या प्रयोगशाळेतले लोक तिच्यावरून अख्खा सिनेमा डोळ्याची पापणी लवेपर्यंत या भिंतीवरून त्या भिंतीवर पाठवतात. बाई पहिल्यांदा आमच्या ठाण्यावर आल्या तेव्हा तांदळाच्या कुरकुरीत चकत्यांचं बंद पाकीट घेऊन आल्या होत्या, आणि सोबत त्याच पाकिटाचा फोटो. फोटोत आतल्या सगळ्या चकत्या दिसत होत्या आणि त्यातली एक मोडलेली होती. आम्ही पाकीट फोडलं, तर खरंच एक मोडलेली! आमच्यातला एकजण म्हणाला, “बाई, हे घरी आणलं तर बायकोपासून काही लपवता यायचं नाही.” बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, “मला तुमच्या प्रमुखांबद्दल विचारायचं आहे.”

आमचे प्रमुख कुदो त्याच्या थोडेच दिवस आधी गेले होते.

इथे मला थोडं थांबून सांगावं लागेल. आग लागलेली असताना आमचा माणूस तोंडावर मास्क आणि पाठीवर हवेची टाकी घेऊनच आत जातो. त्या वेळी तो मरत नाही असं नाही, पण श्वासाने सहसा मरत नाही. खरा धोका असतो आग विझल्यावर. सगळं काळं, ओलं, शांत झालेलं असतं. टाकी संपत आलेली, मास्कमध्ये घामाचं पाणी साचलेलं, आणि प्रत्येकाच्या मनात एकच, आता हे काढू का? त्याच वेळी एखाद्या कोपऱ्यात फोमची गादी आतल्या आत धुमसत असते. तिच्यातून जो वायू निघतो तो चार श्वासांत माणूस आडवा करतो. आमच्याजवळची छोटी यंत्रं तो वायू आपल्यापर्यंत पोचला की वाजतात. म्हणजे आपण आधीच त्याच्यात उभे असतो.

तर आमच्या ठाण्यात एक रीत होती. मास्क आधी प्रमुखाने काढायचा. त्याने दोन श्वास घ्यायचे, मान डोलवायची, मग बाकीच्यांनी काढायचा. कुणी लिहून ठेवलेली नव्हती, पण तिचा आम्हाला केवढा अभिमान! गाद्यांच्या गोदामात कुदोंनी मास्क काढला. आमच्याकडे बघून हसले. मान डोलवायच्या आधीच खाली बसले ते उठलेच नाहीत. मी त्यांच्यापासून हाताच्या अंतरावर होतो. चांगला माणूस होता हो. अजून आठवण आली की घास उतरत नाही.

बाईंनी पेपरात वाचलं आणि त्या आल्या. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “म्हणजे तुमचा प्रमुख हेच तुमचं यंत्र होतं.” राग आला मला. ही कोण बाई, आमचं सुतक चाललंय आणि बघा काय बोलते! पण त्या पुढे म्हणाल्या, “दारात उभं राहून आतल्या खोलीतला वायू ओळखता आला पाहिजे. मी करते.” ‘प्रयत्न करते’ असं नाही म्हणाल्या. ‘करते’.

प्रत्येक वायू या लहरीतून आपापला घास काढून घेतो. कुठला घास गेला हे पाहिलं की वायू कोणता ते कळतं. ऐकायला सोपं आहे ना? पण या लहरीचा एक शत्रू आहे, पाणी. वाफ आली की ती जिथे तिथे घास घेते, आणि जास्त झाली तर ताटच पळवते. म्हणून बाईंच्या खोलीत पावसाळी दिवसांत कुणी डोकावलं की पहिलं वाक्य यायचं, “श्वास तिकडे सोडा!” मोठमोठ्या पाहुण्यांना त्यांनी हे ऐकवलंय. इथे हसणाऱ्यांपैकी निम्म्यांनी ते ऐकलेलं आहे, मला दिसतंय. आता सांगा, जिला माणसाच्या श्वासातली वाफ चालत नाही, अशी लहर आम्ही कुठे न्यायची? जिथे आम्ही पाण्याचा मारा करतो तिथे! पण बाईंनी आणि त्यांचे सहायक होशिना यांनी वर्षानुवर्षं घासून घासून ते जमवत आणलं. एक कंपनी पुढे आली. नाव घेत नाही. चाचणी ठरली.

प्रशिक्षण केंद्रातल्या इमारतीत मागच्या खोलीत फोम धुमसत ठेवला होता. यंत्राला दोनच शब्द येत होते, ‘आहे’ आणि ‘नाही’. आधी ‘आहे’ यायचं, मग खिडक्या उघडून हवा खेळवायची, ‘नाही’ आलं की तुकडीने मास्क काढायचे. तुकडीत पुढे होती माझी मुलगी मिओरि. मी बाहेर पाहुण्यांच्या रांगेत, समारंभाच्या कडक पोशाखात. आतलं सगळं मोठ्या पडद्यावर दिसत होतं. ‘आहे’ आलं. तेवढ्यात देखावा उठून दिसावा म्हणून कुणीतरी जास्तीचं पाणी मारायला लावलं. भसकन वाफ झाली. आणि पडद्यावर आलं, ‘नाही’.

टाळ्या झाल्या. खिडक्या अजून बंद होत्या, मंडळी. सगळ्यांना दिसत होत्या. मग वायू गेला कुठे? पण आपल्याकडे शहाणा माणूस कोण, तर जो हवा वाचतो. चारचौघांत कुणाच्या मनात काय आहे ते न बोलता ओळखायचं आणि त्याप्रमाणे वागायचं. बड्या पाहुण्यांचे चेहरे खुलले होते, म्हणून सगळ्यांनी तीच हवा वाचली. खरी हवा वाचायची बाजूलाच राहिली. मिओरिचा हात मास्कच्या पट्ट्याकडे गेला. मी खुर्चीतून उठेपर्यंत बाई दारात पोचल्यासुद्धा होत्या. मास्क नाही, टाकी नाही, पायात ऑफिसचे बूट. “हात काढ! काढ म्हणते ना हात!” असं ओरडत त्यांनी माझ्या पोरीचं मनगट धरलं आणि तिला ओढत बाहेर आणलं. मागून आमचं नेहमीचं छोटं यंत्र काठीला बांधून, खिडकी किलकिली करून आत सोडलं, तर ते बोंबलायलाच लागलं.

त्यानंतरची बैठक. कंपनीचे साहेब म्हणाले, वाफ नेहमीच इतकी नसते, चालून जाईल. बाई म्हणाल्या, “यंत्र खोटं बोललेलं नाही. त्याला काही दिसलंच नाही. पण ‘दिसलं नाही’ हे सांगायला आपण त्याला शब्दच दिला नव्हता. तिसरा शब्द घाला. ‘कळत नाही’.”

साहेब म्हणाले, “बाई, ‘कळत नाही’ म्हणणारं यंत्र कोण विकत घेईल? लोकांना उत्तर हवं असतं.”

“मग उत्तर म्हणून काय विकायचं?”

साहेबांनी दातांतून हवा आत ओढली आणि म्हणाले, “हे जरा अवघड आहे.”

आता ‘जरा अवघड आहे’ याचा अर्थ आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. त्याचा अर्थ, उठा आणि घरी जा. पण आमच्या बाई! त्यांनी पेन उघडलं आणि म्हणाल्या, “अवघड आहे ना, मग बसून सोडवू. कुठे अडतंय ते सांगा.” होशिना टेबलाखालून त्यांना पाय मारत होते. बाई म्हणाल्या, “होशिना, तुझा पाय लागतोय मला.”

आपण हसतोय, पण त्या दिवशी बाईंच्या हातून केवढं गेलं याचा हिशेब करा. नुसती मान डोलवली असती तर ते यंत्र आज देशभर विकलं जात असतं. प्रयोगशाळा त्यांच्या नावाने चालू राहिली असती, होशिनांची नोकरी पक्की झाली असती. कंपनी गेली, पाठोपाठ पैसाही गेला. आणि आपला शिरस्ता असा की प्राध्यापक निवृत्त झाला की त्याची प्रयोगशाळाही त्याच्याबरोबर संपते. खोली रिकामी करायची, सामान भंगारात, आणि होशिनांनी दुसरीकडे अर्ज करायचे. कुणी वाईट वागलं असं मी म्हणत नाही. पण वाईट वाटतं, आणि ते मी बोलून दाखवतो.

त्या दोघांनी मग हाताने दोन यंत्रं बनवली, तिसरा शब्द घालून, आणि आमच्या ठाण्याला दिली. या हिवाळ्यात सोफे शिवण्याच्या एका कारखान्याला आग लागली. तोवर मी निवृत्त होऊन घरी मुळे निवडत बसलेलो. तुकडीची प्रमुख मिओरि. आग विझली. यंत्र म्हणालं, ‘कळत नाही’. थांबले. पुन्हा पाहिलं. ‘कळत नाही’. एक पोरगा वैतागून म्हणाला, “ताई, याला कळतं तरी काय?” मिओरि म्हणाली, “आपल्याला जेवढं कळतं त्यापेक्षा एक गोष्ट जास्त. गप उभा राहा.” मास्क तसेच ठेवून त्यांनी टाक्या बदलल्या, भिंतीला भोक पाडून वाफ जाऊ दिली. मग यंत्र म्हणालं, ‘आहे’. मागच्या कोठारात फोम धुमसत होता.

ती घरी आली, हात धुतले, माझ्यासमोर जेवायला बसली आणि मला म्हणाली, “बाबा, असे काय बघताय? मिसो सूप वाढा.” मी वाढलं. बाप म्हणून याहून जास्त मी काय मागू? बाई, माझं लेकरू जेवत होतं हो. कुदोंच्या वेळी ‘कळत नाही’ एवढा एक शब्द आमच्यापैकी कुणाच्याही तोंडी असता, तर ते म्हातारे होऊन आज माझ्या शेजारी बसले असते. आमच्या ठाण्यात ती रीत आता राहिली नाही. मास्क आधी कुणीच काढत नाही. पण अशी यंत्रं या जगात दोनच आहेत, आणि दुसऱ्या गावांत आधी कोण काढतं ते मला ठाऊक नाही. हे सांगताना मला आनंद होत नाही.

असो. शिशिदो साहेब घड्याळाकडे बघताहेत. ही हवा मलाही वाचता येते.

आभार मानतो. अध्यक्षांचे मानतो, त्यांनी मला बोलू दिलं, आणि आणखी एका गोष्टीसाठी मानतो, ती आता सांगतो. शहराच्या प्रतिनिधींचे मानतो. हॉलच्या मागे झुंदा मोची, म्हणजे कोवळ्या सोयाबीनच्या गोड वाटणातले आपले तांदळाचे गोळे, मांडून ठेवणाऱ्यांचे मानतो, ती संपायच्या आत मी उतरतो.

आणि शेवटी, बोलताना अधिकउणं झालं असेल तर पदरात घ्या असं म्हणायची पद्धत आहे. मला मात्र खरोखरच एका गोष्टीची क्षमा मागायची आहे. बाई, आज सकाळी तुम्ही इथे पुष्पगुच्छ घेत होतात, तेव्हा मागे बसलेली ही पोरं तुमच्या खोलीत होती. अध्यक्ष महोदयांच्या सहीने, तुम्हाला न विचारता. परत गेलात की खोली रिकामी दिसेल, घाबरू नका. भंगारवाला आलेला नाही. तुमचं ते मोठं टेबल, लहर सोडणारी पेटी, सगळं आमच्या गाडीतून ठाण्यावर गेलं. भिजलेले पाइप टांगून वाळवायच्या मनोऱ्याशेजारी कोरडी खोली आहे, ती शहराने दिली. होशिनांना तिथे नेमणूक मिळाली आहे, त्यांचा चेहरा बघा. पण टेबल उचलताना, तुम्ही कित्येक वर्षं केसाच्या अंतराने जुळवत आणलेले आरसे, काय सांगू, सगळेच्या सगळे हलले. आम्ही घोंगड्यांत गुंडाळले होते हो! होशिनांनी घोंगडी उघडून पाहिली. म्हणाले, “हे बाईंशिवाय कुणालाही जुळवता येत नाही. आता वर्ष जाईल.” आमच्या हातून मोठं नुकसान झालं. आम्हाला क्षमा करा, आणि सोमवारी सकाळी लवकर या.